तुमच्या हातची रिबीन

आक्का, माणूस गेलं की भांडण मिटतं म्हणतात. आपलं मिटलेलं नाही. काल तुमचं तेरावं झालं, पाहुणे आपापल्या एसटीला लागले, मोठी पातेली घासून पालथी घातली, आणि आता मी ओसरीवर बसून हे लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून आजवर तुम्हाला काही लिहायचा प्रश्न आला नाही. बोलण्यात तर तुमच्यापुढं मी कधी जिंकले नाही. आता तुम्ही मध्येच "शकू, गप" म्हणणार नाही, तेव्हा सगळं बोलून घेते.

तुम्ही थोरल्या जाऊबाई, मी धाकटी. तुमचं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याचं. माझं किकवीचं, सडकेवरचं. मी सातवी पास, तुम्ही अंगठा. रंगानं मी उजळ, हे तुमचा विलासही कबूल करील. पण घरात, गावात, धरणाच्या पलीकडच्या वाडीतसुद्धा नाव निघायचं ते तुमचं. मी केलेली पुरणपोळी खाऊन पाहुणे विचारायचे, "थोरलीनं केली का?" मी नाही म्हणायची, तर म्हणायचे, "मग तिनं शिकवली आसंल." तुमच्या मयताला नदीपर्यंत माणसं लागली होती. मी रडत होते, खरंच रडत होते, पण रडता रडता मनात आलं की माझ्या वेळी यातली निम्मीही यायची नाहीत.

हे सगळं मी सोसलं असतं. पुरणपोळी तुमची, मयत तुमचं, घ्या. पण मंदा माझी होती.

मंदाच्या वेळच्या बाळंतपणात मला विषमज्वर झाला. माझ्या आईनं मला किकवीला नेलं आणि दुधाचं पोर अंगाला लावायचं नाही म्हणून मंदाला तुमच्याकडं ठेवलं. तुम्हाला तेव्हा विलास आणि बाळू, दोन पोरगे होते. तरी तुम्ही शेळीच्या दुधावर माझी पोर वाढवली. पाच-सहा महिन्यांनी मी परत आले ते डोक्यावर फडकं बांधून, कारण तापानं माझे केस हातात येत होते. अंगणात तुम्ही मंदाला कडेवर घेऊन उभ्या होता. मी हात पुढं केले, तर तिनं तुमच्या खांद्यात तोंड खुपसलं. तुम्ही म्हणालात, "जा की गं, आई हाय ती." आणि पोरीला माझ्याकडं ढकललंत. ढकललंत, हे माझ्या लक्षात राहिलं आहे. ती बोलायला लागली तेव्हा तुम्हाला मोठी आई म्हणायला लागली आणि मला नुसती आई.

केसही तिनं तुमचेच घेतले. तुमचं-तिचं रक्ताचं नातं कुठलं? तिच्या चुलत्याची बायको तुम्ही. तरी बाया म्हणायच्या, "केस थोरलीवर गेले पोरीचे." दाट, काळेभोर, मुठीत न मावणारे. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. त्यामुळं फणी पहिल्यापासून तुमच्याच हातात गेली. मंदा सकाळी उठून तोंड धुवून आधी तुमच्या पुढ्यात येऊन बसायची, मग माझ्याकडं चहाला यायची.

कोयनेचा भूकंप झाला त्या साली मंदा पहिलीत गेली आणि आपल्या घरात रिबीन आली. तोवर आपण पोरींच्या वेणीला गोंडे बांधायचो, नाहीतर जुन्या लुगड्याची चिंधी. मास्तरांनी सांगितलं, दोन वेण्या आणि लाल रिबिनी पाहिजेत. तुम्ही भोरच्या बाजारातून आणल्यात आणि दाराशी येऊन "रिबीन, रिबीन" असं दोनदा म्हणालात, जसं काही नवीन सून आली आहे आणि तिचं नाव सगळ्यांनी पाठ करायचं आहे. तो एक इंग्रजी शब्द तुम्हाला सापडला आणि मग तुम्ही तो कुठंही लावायला लागलात. कंदिलाची वात आणायला दुकानात गेलात की "कंदिलाची रिबीन द्या." आणि दुकानदार मुकाट्यानं द्यायचा. बुरडानं सूप विणायला काढलेल्या बांबूच्या कामट्या, त्याही रिबिनी. कैरीच्या लांब फोडी रिबिनी. आमचे हे भोरला कचेरीत कारकून, त्यांना शुद्ध बोलायची भारी हौस. ते म्हणायचे, "वहिनी, त्याला मराठीत फीत म्हणतात." तुम्ही म्हणायच्या, "म्हनत आस्तील. माझ्या मंदीच्या डोक्याला न्हाई म्हनत."

माझ्या मंदीच्या. असं तुम्ही सहज म्हणून जायच्या आणि मी चुलीत लाकूड जरा जोरात सारायची.

दुष्काळाच्या साली धरणाचं पाणी हटत हटत पार मध्ये गेलं. बुडालेल्या जुन्या गावाची जोती उघडी पडली होती, ती बघायला आपण तिघी गेलो. चिखल वाळून भेगाळलेला, आणि मधून एवढंसं पाणी चमकत चाललेलं. तुम्ही मंदाला दाखवलंत, "ती बघ, आपल्या धरनाची रिबीन." मंदा हसली आणि तुमच्या पदराला धरून नाचायला लागली. मीही तेच पाणी बघत होते. मला वाटलं, हे मला का सुचलं नाही. सातवीपर्यंत शिकून मला सुचलं ते एवढंच, की यंदा भात लावायचा कसा.

तुमची फजिती झालेली मला एकदाच आठवते आणि ती मी जपून ठेवली आहे. ह्यांनी कचेरीतून टायपिंगच्या मशीनची वापरलेली पट्टी आणली होती, शाई कशी असते ते मंदाला दाखवायला. अर्धी काळी, अर्धी लाल. ह्यांच्या तोंडून निघून गेलं की कचेरीत हिलाही रिबीन म्हणतात. झालं. तुम्हाला वाटलं, दुरंगी रिबीन, सायबाच्या घरची, आणि आमच्या मुलखात कुठं मिळणार. तुम्ही ती सोड्यात भिजवली, रिठ्यात भिजवली, राख लावून घासली आणि नदीवरच्या धोंड्यावर आपटली. तुमचे हात कोपरापर्यंत जांभळे झाले. तरी शाई संपेना, पण वाळल्यावर बरी दिसायला लागली, म्हणून तुम्ही सोमवारी मंदाच्या वेण्यांना बांधलीत.

त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मंदा घामेजून घरी आली ती कानामागून मानेपर्यंत काळी-तांबडी, आणि पांढऱ्या पोलक्याच्या दोन्ही खांद्यांवर ओघळ. मी आतून इतकी सुखावले की काय सांगू. म्हटलं, आता कळेल पोरीला. मी पोलकं उचलून धरलं आणि म्हणाले, "बघ, तुझ्या मोठ्या आईनं काय करून ठेवलंय." मंदा हात कमरेवर ठेवून म्हणाली, "वर्गात कुनाकडंच न्हाई आसली. सगळ्या पोरी हात लावून बघत हुत्या. बोटं काळी झाली सगळ्यांची." आणि धावत तुमच्याकडं गेली, दुसऱ्या दिवशीही तीच बांध म्हणून सांगायला. पोलकं मी धूत बसले. ते डाग निघाले नाहीत.

मग मी ठरवलं की आपण नुसतं बघत बसायचं नाही. माझा भाऊ पुण्याला जायचा, त्याच्याकडून मी नायलॉनच्या रिबिनी मागवल्या. पारदर्शक, कडेला चंदेरी रेघ. अशा भोरच्या बाजारातही नव्हत्या. मंदाला हाक मारली आणि त्या दिवशी वेण्या मीच घातल्या. ती बसली, पण मान ताठ करून, दवाखान्यात सुई टोचायच्या आधी बसतात तशी. मी फूल बांधलं. दिसायला सुरेख झालं होतं, खोटं नाही सांगत. शाळेच्या वळणावर पोचेपर्यंत एक सुटलं, प्रार्थनेला दुसरं सुटलं, आणि पोर एक रिबीन हातात आणि एक दप्तरात घेऊन परत आली.

तुमची रिबीन सुटायची नाही, कारण तुमचं तंत्र होतं. सुती रिबीन घ्यायची, धुवायची, आंबेमोहोराच्या पेजेत बुडवायची, आणि अर्धवट ओली असताना निखारे भरलेला तांब्या तिच्यावरून फिरवायचा. मग ती कडक व्हायची. फूल बांधलं की कानाशी उभं राहायचं ते संध्याकाळपर्यंत. सगळं गाव ते फूल ओळखायचं. लांबून पोरींचा घोळका येताना दिसला की म्हणायचे, ती बघा, थोरलीच्या हातची रिबीन. रिबिनीखाली माझी पोर होती, हे कुणी म्हणायचं नाही.

मी चोरून पेज लावून बघितली. नायलॉनला पेज धरत नाही. गरम तांब्या फिरवला, तर रिबीन आक्रसून तांब्याला चिकटली. ते तुम्ही बघितलंत. तांब्या घेऊन गेलात आणि खरवडून आणून ठेवलात. तुम्ही हसला असतात तर बरं झालं असतं. मला तुमच्याशी आठ दिवस अबोला धरता आला असता.

आता त्या उद्घाटनाचं. तो वाद आपला अर्धाच राहिला आहे आणि मी माघार घेतलेली नाही. मंदा चौथीत होती. शाळेची नवी खोली बांधून झाली, तालुक्याचे पाहुणे यायचे होते, मांडव घातला, ताशा आणला. पाहुणे गाडीतून उतरले आणि सरपंचांच्या ध्यानात आलं की दाराला बांधायची फीत भोरलाच राहिली. कात्री ताटात, ताट एका पोरीच्या हातात, आणि कापायला काही नाही. सरपंच घामाघूम झाले. मी पुढंच उभी होते. मंदा पाहुण्यांचं स्वागतगीत म्हणायला सजली होती, दोन्ही कानांवर तुमची लाल फुलं. मी तिला जवळ ओढलं आणि एक रिबीन सोडायला लागले. वाटलं, केवढा मान. माझ्या लेकीची रिबीन पाहुणे कापणार, सगळं गाव टाळ्या वाजवणार.

तुम्ही बायकांच्या घोळक्यातून थेट पुढं आलात. पदर डोक्यावर, पण आवाज खणखणीत. "सोडू नगंस, शकू. ती कापायची न्हाई."

सरपंच म्हणाले, "आवो वैनी, यवढीशी तर चिंधी. दुसरी घ्या की बाजारातनं."

"चिंधी कापा मग. पोरीच्या डोक्याची रिबीन कातरीनं कापायची न्हाई. तुमची ती फीत कापत्यात. रिबीन बांधायची आस्ती."

आणि तुम्ही आपल्या ठेवणीतल्या लाल लुगड्याचा काठ, तिथंच, पाहुण्यांच्या देखत, दातात धरून टरकन फाडलात. पाहुणे हसले. टाळ्या झाल्या. पाहुण्यांनी तुमचा काठ कापला आणि भाषणात तुमचा उल्लेखही केला, की अशा माऊल्या आहेत म्हणून गावं पुढं जातात. मंदा सगळा वेळ तुमच्या मागं उभी होती, एक फूल ताठ आणि एक अर्धं सुटलेलं. घरी आल्यावर मी म्हणाले, माझ्या मुलीचं काय कापायचं आणि काय नाही ते मी ठरवीन. तुम्ही म्हणालात, "ठरव की. पर कातर डोस्क्याजवळ न्यायच्या आधी पोरीच्या तोंडाकडं बघावं." मी म्हणाले, मी बघितलं होतं. तुम्ही म्हणालात, "बरं." त्या "बरं"वर आपलं भांडण थांबलं ते आजतागायत. मी अजूनही म्हणते, मानच होता तो. आणि लुगडं फाडायचं होतं तर माझं फाडलं असतं. मला कुणी विचारलं?

हे लिहिता लिहिता मला तुमची आठवण येते आहे. तुम्ही असता तर या वाक्यावर नक्की म्हणाला असतात, तुझ्या लुगड्याचा काठ निळा, शुभकार्याला निळं कोन लावतंय.

मंदा आठवीला भोरच्या हायस्कुलात जायला लागली तेव्हा मला वाटलं, आता मोठी झाली, आपली आपण वेणी घालील. पण नाही. पहाटेच्या एसटीसाठी ती अंधारात उठायची आणि तुम्ही तिच्याही आधी. भिंतीपलीकडून तुमचं दोघींचं हलक्या आवाजातलं बोलणं ऐकू यायचं. काय बोलायच्या एवढं? मी कान देऊन ऐकायचा प्रयत्न केला. शब्द कळायचे नाहीत, हसणं तेवढं कळायचं. माझ्याशी ती बोलायची ते असं: भाकरी झाली का, फी कधी भरायची, एसटी चुकली. चांगली पोर आहे, कधी उलटून बोलली नाही. पाहुणीही उलटून बोलत नाही.

मग तुम्हाला कावीळ झाली. दवाखान्यात शेवटी शेवटी तुमच्या डोळ्यांत बघवत नव्हतं. एका दुपारी सगळी चहाला गेली होती आणि मी एकटी तुमच्याजवळ होते. तुम्ही माझा हात धरलात. मला वाटलं, आता काहीतरी बोलाल. इतक्या वर्षांचं काहीतरी. तुम्ही म्हणालात, "शकू, रिबिनी पेजंत लई येळ ठिवू नगंस. करकरीत हुत्यात. पोरीच्या कानाला लागत्यात."

मी तुमच्या तोंडाला पाणी लावलं आणि म्हणाले, "बरं." मरतानासुद्धा मला शिकवण. बाहेर येऊन मी व्हरांड्यात उभी राहिले आणि मला इतका राग आला की रडू फुटलं, आणि लोकांना वाटलं, धाकटीला केवढी माया.

तुम्ही गेलात आणि मंदानं केस मोकळे सोडले. सुतकात तेल-फणी नसतेच, त्यामुळं कुणी काही बोललं नाही. पण मला कळत होतं की ती सुतकाच्या आड बसली आहे. सुतक फिटल्यावर पुन्हा शाळा, पुन्हा दोन वेण्या. त्या कोण घालणार, हे ती मला सांगत नव्हती आणि मी विचारत नव्हते.

दहाव्याला सगळी नदीवर जमली. विलास आणि बाळूनं डोकी भादरली. पिंड मांडले, सगळे मागं सरकून उभे राहिले, आणि करंजाच्या झाडावर कावळा येऊन बसला. एकच. खाली बघेना. थोरले भाऊजी पुढं झाले, हात जोडून म्हणाले, "बाळूचं शिक्षान पुरं करीन." कावळा बसून. विलास म्हणाला, "गाय इकनार न्हाई." कावळा चोच फांदीला घासत बसला. ऊन वर आलं. पिंडांवरचा भात वाळायला लागला. लोक एकमेकांकडं बघायला लागले. कुठल्या इच्छेत जीव अडकला असेल याची कुजबुज सुरू झाली. तेव्हा तुमची चुलतसासू, धोंडूआत्या, काठी टेकत पुढं आली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "पोरीत जीव हाय तिचा. शकू, तू बोल. म्हन, मंदा तुमचीच."

सगळ्या गावानं माझ्याकडं बघितलं. आमचे हे कानाशी येऊन म्हणाले, "बोल की. बोलायला काय जातंय?" ह्यांचं काय जाणार होतं? पोरगी जन्माला घातली मी, ताप काढला मी, भिंतीपलीकडचं हसणं ऐकत पहाटेच्या भाकरी थापल्या मी. आणि आता नदीकाठी, चारचौघांत, एका कावळ्याला साक्षी ठेवून मी ती देऊन टाकायची? तुम्ही जिवंत असताना हे शब्द माझ्या तोंडून कुणी काढू शकलं नव्हतं.

मी पुढं गेले. म्हणाले, "आक्का, मंदाला मी जपीन." कावळ्यानं पंख झाडले आणि आणखी वरच्या फांदीवर जाऊन बसला.

"आगं जपीन काय," धोंडूआत्या करवादली, "आईच हाईस तिची. खरं ते बोल."

मग माझा तोल गेला. "खरं बोलू? मंदा माझी हाय. माझीच हाय." इतक्या मोठ्यानं बोलले की भटजींनीही मान वर केली. कुणीतरी च्यक् केलं. भाऊजी खाली बघायला लागले. आता दर्भाचा कावळा करावा लागणार, असं भटजी पुटपुटले, आणि सगळ्यांच्या मनात आलं की हिच्यामुळं थोरलीला गती मिळाली नाही.

तेवढ्यात मंदा पुढं आली. केस तोंडावर आलेले, ओले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हात जोडून वर झाडाकडं बघत म्हणाली, "मोठी आई, उद्यापासनं म्या आयेकडनं वेन्या घालून घीन. सुटल्या तरी घीन."

कावळा फांदीवरून सरळ खाली आला आणि पिंडाला शिवला.

सगळ्यांनी हात जोडले. बायका डोळे पुसायला लागल्या आणि मला मिठ्या मारायला लागल्या. "बघ गं शकू, जाता जाता तुझी लेक तुला दिऊन गेली. आसली जाऊ मिळाया नशीब लागतंय." मी मान हलवली. पण आक्का, एक विचारते. माझी लेक मला द्यायला तुम्ही कोण? मी तिच्यासाठी इतकी वर्षं मनातल्या मनात तुमच्याशी भांडले, आणि मिळाली ती तुमच्याच हातून. तुमचा जीव माझ्या पोरीला घेण्यात नव्हता, तिला माझ्यापुढं बसवण्यात अडकला होता, हे मला त्या दिवशी कळलं. पूर्वी अंगणात ढकललंत तसंच पुन्हा ढकललंत. तुमचे उपकार मानावेत की तुम्हाला शिव्या द्याव्यात, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही करते आहे.

दुसऱ्या दिवशी पहाटे मंदा माझ्यापुढं येऊन बसली. शब्दाची पक्की आहे, हेही तुमच्याकडूनच. फणी माझ्या हातात दिली आणि मान खाली घातली, सैल, ताठ नाही. पेजेतून काढलेल्या रिबिनी मांडीवर ठेवल्या होत्या. पेजेत मी त्या जास्त वेळ ठेवल्या नव्हत्या. मी कंदील जवळ ओढला, सगळे केस वर उचलले, आणि मला मानेवर, अगदी केसांच्या मुळाशी, एक तीळ दिसला.

मला माहीत नव्हता. चौदा वर्षांची पोर माझी, आणि तिच्या मानेवर तीळ आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी म्हणाले, "मंदे, हितं तीळ हाय तुला."

"व्हय," ती म्हणाली. "मोठी आई त्याच्यावरच फणीचं टोक टेकवायची आन तितनं वर भांग काढायची. म्हनून सरळ यायचा."

मी कंदील आणखी जवळ ओढला. मग फणीचं टोक तिळाच्या जरा बाजूला टेकवलं आणि तिथून भांग काढला. वाकडा आला. मंदा हात मागं नेऊन चाचपून बघायला लागली, तर मी म्हटलं, असू दे.

तेवढा तीळ तुमचा, आक्का.